वर्गणीतले मावळे

दिवाळीच्या चार दिवसांत महाराष्ट्रात जेवढे किल्ले उभे राहतात, तेवढे प्रत्यक्ष शिवछत्रपतींच्या ताब्यातही कधी नव्हते. बखरकारांच्या याद्या काही शेकड्यांत आटोपतात. आमच्या अंबडला मात्र वसुबारसेच्या संध्याकाळी पाथर्डी फाट्याकडून सिडकोकडे नुसते पायी निघावे, पन्नास-साठ गड मोजून होतात. कुणाचा जिन्याखाली, कुणाचा पाण्याच्या टाकीवर, तर कुणाचा वॉचमनची मनधरणी करून स्कूटरच्या जागेत बांधलेला. विटांचे तुकडे, वर जुने गोणपाट, त्यावर कालवलेली माती, उतारावर पेरलेले अळीव आणि मोहरी, पायथ्याशी आरशाच्या तुकड्याचे तळे. एवढे झाले तरी तो गड नव्हे. तो मातीचा ढीगच. मावळे चढले की त्या ढिगाचा गड होतो.

आणि हे मावळे तरी कसे? शिरस्त्याप्रमाणे महाराज सिंहासनावर, दोन्ही अंगांना भालदार-चोपदार, बुरुजावर तुतारीवाला, पहाऱ्यावर ढालतलवार घेतलेले चारसहा गडी. इथवर इतिहास ठीक चालतो. पुढे त्याच गडाच्या घाटात खाकी पोशाखातला पोलीस उभा असतो, गुहेत वाघ असतो, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई असते आणि क्वचित एखादा बंदूकधारी जवानही खंदकापाशी पवित्रा घेऊन बसलेला दिसतो. वाघ मावळ्यांच्या दुप्पट आणि बाई तटबंदीपेक्षा उंच! इतिहासाच्या प्राध्यापकाला हे पाहून घेरी येईल. मी मराठीची असल्यामुळे मला ते चालते. आमच्या पोवाड्यांतही काळवेळाची फारशी भीड कुणी धरलेली नाही.

या विषयाकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागले ती आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एका तरुणामुळे. अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात तो साचे तयार करणाऱ्या खात्यात आहे. प्लॅस्टिकच्या वस्तू ज्या पोलादी साच्यातून निघतात, तो साचा घासूनपुसून बिनचूक करणे हे त्याचे काम. घरी आला की हातपाय धुऊन तो खिडकीशी दिवा लावतो, डोळ्यांवर भिंग चढवतो आणि दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा शिपाई रंगवायला बसतो. हे शिपाई अठ्ठावीस मिलिमीटरचे, म्हणजे एका इंचाहून किंचित उंच. कपाटात त्यांच्या पलटणीच्या पलटणी उभ्या आहेत. रोमन आहेत, नेपोलियनचे आहेत. दैत्य, राक्षस, सांगाडे आणि तीन डोक्यांची जनावरेही आहेत. त्याच्या आईचे म्हणणे असे, की या वयात मुलाने सून आणावी. हा खोक्यातून राक्षस आणतो.

टेबलावर लढाया खेळण्याचा हा छंद पाश्चात्त्यांकडे जुना आहे. बुद्धिबळ आपले, चतुरंगाचे हत्ती, घोडे, रथ आणि प्यादी येथूनच जगभर गेली. पण बुद्धिबळात डोंगर नाही, नदी नाही, चिखल नाही. ही उणीव भरून काढण्याचा उद्योग प्रशियात झाला. १८१२ साली राइसविट्झ नावाच्या एका गृहस्थाने राजाला एक मोठे मेज करून दिले. त्यावर प्लास्टरच्या चौकोनी फरश्या मांडून टेकड्या, नद्या, रस्ते हवे तसे रचता येत. आपला दिवाळीचा किल्लाच तो, फक्त राजवाड्यातला! त्याच्या लष्करात असलेल्या मुलाने १८२४ साली त्या खेळाला नकाशा आणि नियमांची जोड दिली आणि प्रशियन सेनाधिकारी तो अभ्यास म्हणून खेळू लागले. पुढे १८९३ साली लंडनच्या ब्रिटन नावाच्या कारखानदाराने शिशाचे सैनिक आतून पोकळ ओतण्याची युक्ती काढली. धातू कमी लागला, किंमत उतरली आणि सामान्य घरांतल्या मुलांच्या हाती पलटणी आल्या. त्याच कारखान्याच्या खेळण्यातल्या तोफेने लाकडी खुंट्या उडवून शिपाई पाडता पाडता एच. जी. वेल्ससारख्या जाडजूड ग्रंथकाराने जमिनीवर बसून खेळण्याच्या लढाईचे नियम रचले. ते पुस्तक १९१३ सालचे. खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातले युद्ध किती शहाणपणाचे, असे त्याने त्यात बजावले होते. वर्षभरात पहिले महायुद्ध पेटले. लेखकांचे कोण ऐकतो?

अलीकडे या धंद्याचे मोठे पीठ म्हणजे इंग्लंडातले नॉटिंगहॅम. तिथल्या गेम्स वर्कशॉप या कंपनीचा वॉरहॅमर हा खेळ १९८३ साली निघाला आणि जगभर पसरला. पण मला नवल वाटले ते त्या खेळाचे नव्हे, वर्गणीचे.

गोष्ट अशी. असा एक शिपाई प्लॅस्टिकमध्ये काढायचा तर आधी पोलादाचा साचा लागतो. साचा एकदा झाला की त्यातून हजारो नग निघतात आणि दर नगाला खर्च जेमतेम लागतो. पण पहिला शिपाई निघण्यापूर्वीच लाखो रुपये साच्यात गेलेले असतात. “काकू, आमच्याकडे अंबडला गिऱ्हाईक साच्याचे पैसे आधी भरतो, मगच आम्ही पोलादाला हात लावतो,” त्या तरुणाने मला समजावले. खेळणी करणाऱ्या चार कारागिरांना असा गिऱ्हाईक कोण मिळणार? तेव्हा ते जगजाहीर आवाहन करतात. नमुन्याची चित्रे दाखवतात, मुदत घालतात, रक्कम सांगतात. १९७० मध्ये हे पोस्टाने करावे लागले असते. २००९ साली न्यूयॉर्कला किकस्टार्टर नावाची पेढीच त्यासाठी निघाली. मुदतीत रक्कम जमली तर पैसे वळते होतात, न जमली तर कुणाचा एक पैसाही जात नाही. जमलेली रक्कम ठरल्यापेक्षा वाढली तर कारागीर फौज वाढवत नेतो. टेक्सासमधल्या रीपर या कंपनीने २०१२ साली असे आवाहन केले, तेव्हा सतरा हजारांहून अधिक लोकांनी मिळून चौतीस लाख डॉलरांच्या वर रक्कम भरली. सगळी बोटभर बाहुल्यांसाठी!

यात बोच आहे ती अशी, की ही खरेदी नव्हे. वस्तू अजून जन्मालाच आलेली नसते. कारागिराचा अंदाज चुकला, भाडे वाढले, साचा तडकला, तर वर्गणीदाराने वाट पाहायची. आमच्या तरुणाची एक पेटी पावणेदोन वर्षांनी आली आणि वर जकात भरावी लागली ती निराळीच. दुसरी एक मंडळी पैसे घेऊन जी गप्प बसली ती बसलीच. ते पैसे गेले म्हणून तो फार हळहळला नाही. “मी शिपाई विकत घेतले नव्हते, त्यांच्या हातावर विश्वास ठेवला होता,” असे म्हणाला. मला ते वाक्य आवडले, पण त्याच्या आईसमोर मी तसे म्हटले नाही.

परदेशाचे हे कौतुक ऐकताना मला राहूनराहून वाटे, की यात नवे ते काय? आपण तर वर्गणीवरच उभे आहोत. पैसापैसा गोळा करून अंताजी दामोदर काळ्यांनी पैसा फंड चालवला आणि त्या फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. रायगडावरच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी टिळकांनी १८९५ साली ‘केसरी’तून हाक दिली, तेव्हा शाळकरी पोरांनीही आणे-पैसे धाडले. डॉक्टर केतकरांनी तेवीस खंडांचा ज्ञानकोश काढला तो भागभांडवल उभारून आणि गावोगाव ग्राहक जमवून. पुस्तक लिहून व्हायच्या आत त्याची विक्री करत हिंडणारा तो विद्वान आजच्या कोणत्याही किकस्टार्टरवाल्याच्या तोंडात मारील. आणि नमुना दाखवून भांडवल मिळवायचे म्हणाल, तर आमच्या अंबडहून टेकडीच्या पायथ्याशी पांडवलेण्यांखाली ज्यांचे स्मारक आहे, त्या दादासाहेब फाळक्यांनी काय केले? चित्रपटाला पैसा देणारा कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडे थोडे चित्रण करून त्या रोपाची वाढ पडद्यावर दाखवली. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढतो. ते पाहून भांडवल मिळाले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. किल्ल्यावरच्या अळिवाला दरवर्षी कोंब फुटताना पाहिले की मला त्या वाटाण्याची आठवण येते.

रंगवण्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण खरी मौज तिथे आहे. इंचभर माणसावर पडणारा उजेड त्याच्या अंगरख्याच्या चुणीत सावली पाडायला पुरत नाही. नुसता तांबडा रंग दिला तर शिपाई खडूचा तुकडा दिसतो. म्हणून सावली रंगवावी लागते. आधी अस्तराचा हात, मग मूळ रंग, मग त्याच रंगाची गडद, पाण्यासारखी पातळ छटा अंगभर सोडून द्यायची. ती आपण होऊन खळग्यांत आणि चुण्यांत जाऊन बसते. ती वाळली की कुंचल्यातला रंग फडक्याला जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि कोरडा कुंचला वरवर फिरवायचा, म्हणजे नाक, गुडघे, पागोट्याची पीळ एवढेच उंचवटे उजळतात. डोळे शेवटी. डोळ्यांच्या वेळी तो श्वास रोखून धरतो. डोके आणि हात मुळातच जरा मोठे घडवलेले असतात, नाहीतर हातभर अंतरावरून ते दिसणारच नाहीत.

आता आमच्या कुंभाराचा मावळा पाहा. त्याचेही डोके मोठे, मिशा त्याहून मोठ्या, रंग भडक आणि सपाट. याला कुणी अडाणीपणा म्हणेल, तर मी त्याच्याशी भांडेन. तो मावळा दिव्याखाली भिंग लावून पाहायचा नसतोच. तो दोन हातांवरून, पणतीच्या हलत्या उजेडात, काळ्या मातीवर पाहायचा असतो. तिथे नॉटिंगहॅमची नाजूक छटा विरघळून जाईल आणि लाल पागोटे, पांढरा अंगरखा, काळी मिशी एवढेच टिकेल. दोघांनीही आपापला उजेड ओळखला आहे.

एके दिवशी तो तरुण माझ्याकडे प्रश्न घेऊन आला. त्याला मराठ्यांची फौज रंगवायची होती. “काकू, मावळ्याच्या अंगरख्याचा रंग कोणता?” मी म्हटले, गणवेशच नव्हता रे. आज आपल्या डोळ्यांपुढे जो मावळा येतो, तो धुरंधरांसारख्या चित्रकारांनी काढलेला आणि भालजी पेंढारकरांच्या १९५२ च्या ‘छत्रपती शिवाजी’सारख्या चित्रपटांनी चालता-बोलता केलेला. दहा गावांहून आलेले गडी दहा तऱ्हेचे असणार: धुवट, मळके, उन्हाने विटलेले. तेव्हा एका रंगात पलटण रंगवणे हाच इतिहासाचा विपर्यास. त्याला हे फार पटले. शिवाय तांबड्या रंगाची बाटली वाचली.

मी त्याला सभासदाची बखर वाचायला दिली. १६९४ च्या सुमारास जिंजीला लिहिलेली ही बखर आमचे विद्यार्थी परीक्षेपुरती उघडतात; या पोराने ती साच्याच्या नकाशासारखी वाचली. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी, हा हिशेब त्याने तोंडपाठ केला. आणि अशी एक गोष्ट हेरली, की मी इतकी वर्षे शिकवताना तिच्यावर कधी थांबले नव्हते: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. “काकू, जगातल्या कुठल्याही पेटीत पाणी पाजणारा नसतो. सगळे तलवारी उगारलेलेच असतात.” मला एकदम किल्ल्यावरची ती पाणी शेंदणारी बाई आठवली. तटाहून उंच असेल बिचारी. पण शिबंदीला पाणी लागते हे आमच्या कुंभारांना कुणी सांगावे लागले नाही.

लढाई कोणती घ्यायची यावर आमच्यात वाद नव्हता. नाशिककराला रामशेज सोडून दुसरे काय सुचणार? साल्हेर थोरच, फेब्रुवारी १६७२ मध्ये तिथे मोगलांशी उघड्या मैदानात लढून मराठ्यांनी जय मिळवला, आणि २०२५ च्या जुलैत ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत आमच्या जिल्ह्यातला तोच. पण रामशेज घरचा. दिंडोरीच्या बाजूला, शहरातून दिसणारा, उंचीने बेताचा. १६८२ साली मोगलांनी त्याला वेढा घातला तो वर्षांमागून वर्षे चालला. सरदार बदलले, गड हलला नाही. खाफीखान हा मोगलांचाच इतिहासकार. तोच सांगतो, की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, तेव्हा लोकांनी लाकडाच्या तोफा करून त्यांवर कातडे मढवले आणि त्यांनी दहा तोफांचे काम केले. एका मांत्रिकाने तर शंभर तोळ्यांचा सोन्याचा साप हाती घेऊन मोगल फौजेपुढे चालण्याचे पत्करले. अर्ध्या वाटेत गडावरून गोफणीचा गोटा आला तो छातीवर! गडी एकीकडे, साप दुसरीकडे. वेल्सच्या लाकडी खुंट्या उडवणाऱ्या तोफेपेक्षा आमची ही लाकडी तोफ मला केव्हाही अधिक खेळण्याजोगी वाटते.

तर अशी फौज आणायची कोठून? परदेशी पेटीत ती नव्हती. नेमके त्याच सुमारास अंबड गावातल्या एका म्हाताऱ्या कुंभाराकडे मी पणत्या सांगायला गेले, तेव्हा कळले, की यंदा मामा मावळे करणार नाहीत. त्यांच्या वडिलांच्या वेळचे साचे झिजले होते. महाराजांचे नाक आणि घोड्याचे कान पुसट येत. मुलगा कंपनीत लागला. बाजारातले दुकानदार माल ठेवून घेत आणि खपेल त्याचे पैसे दिवाळीनंतर देत. उरलेला माल परत. बाहेरगावचे प्लास्टरचे मावळे स्वस्त पडत. “ताई, माती फुकट नाही, लाकूड फुकट नाही, आणि आमच्या म्हातारीचे डोळे मावळ्याचे डोळे काढायला पुरत नाहीत,” असे म्हणून त्यांनी पणत्यांचा हिशेब मांडायला घेतला.

मी ही हकीकत घरी सांगितली. वरचा तरुण दुसऱ्याच दिवशी मामांकडे गेला, जुने साचे पाहून आला आणि आमच्या वसाहतीतल्या मुलांना गच्चीवर जमवून त्याने आपला किकस्टार्टर मांडला. घरटी शंभर रुपये, आगाऊ; बदल्यात दिवाळीला दहा मावळे. साठ घरे झाली तर पैसे मामांना, न झाली तर ज्याचे त्याला परत. साठाच्या पुढे गेली तर एक नवा साचा: रामशेजची लाकडी तोफ आणि गोफणवाला. नव्वदाच्या पुढे गेली तर पखालजी.

मुलांनी आठ दिवसांत एकाहत्तर घरे केली. सोसायटीचे चिटणीस तेवढे वर्गणी देईनात. फरश्यांवर माती होते, असा त्यांचा सालाबादचा मुद्दा. त्यांच्या नातीने आपल्या खाऊच्या पैशांतून शंभर रुपये भरले, तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. तरुणाने रात्री जागून तोफेचा मूळ नमुना घडवला. मामांनी तो हातात फिरवून पाहिला आणि नापास केला. “कातड्याच्या वाद्या इतक्या बारीक कोरल्यास, साच्यातून माती सुटायची कशी?” तीनदा नमुना बदलला. पोलादाच्या साच्यात हजारो नग काढणाऱ्या पोराला मातीचा साचा कळायला पंधरा दिवस लागले.

मग पाऊस. २०२५ साली पावसाने दसऱ्यापर्यंत पिच्छा सोडला नाही. सातशे दहा मावळे फळ्यांवर ओले. आवा लावावा कसा? वसाहतीत कुजबुज सुरू झाली. दोघा-तिघांनी पैसे परत मागितले. एक गृहस्थ मला जिन्यात गाठून म्हणाले, “मॅडम, आम्ही प्लास्टरचे आणून टाकतो, सत्तर रुपयांत बारा मिळतात.” त्यांचे गणित बरोबर होते, त्यामुळे मला जास्त राग आला. मुले मात्र रोज शाळा सुटली की मामांच्या पडवीत जाऊन मावळे उलटे करून ठेवत, म्हणजे तळाकडून वारा लागावा.

दसऱ्यानंतर ऊन पडले. आवा उघडला तेव्हा त्रेपन्न मावळ्यांना तडा गेलेला निघाला. ते नगास नग भरून द्यायचे ठरले. रंगवायला मामांच्या म्हातारीशेजारी आमचा तरुण बसला. ती अंगरखे आणि पागोटी झपाट्याने उरकी, डोळे आणि मिशा हा काढी. पहिल्या दिवशी त्याने सवयीप्रमाणे चुणीत सावली सोडायला घेतली, तेव्हा म्हातारी म्हणाली, “बाबा, असा एकेक रंगवलास तर तुळशीचे लग्न लागेल.” धनत्रयोदशीच्या दुपारी सगळ्या घरांचे दहा-दहा पोहोचले. परत मागणाऱ्यांपैकी दोघांनी निमूट घेतले, एकाने पैसे घेतले.

पखालजी या खेपेस झाला नाही. एकोणीस घरे कमी पडली. मामांनी साच्यासाठी प्लास्टर मात्र आणून ठेवले आहे, आणि पखालजीच्या पाठीवरचे कातडे तोफेवरच्याच रंगाचे असावे की निराळे, यावर म्हातारीचे आणि आमच्या तरुणाचे अजून एकमत झालेले नाही.